गोठ्यातली ऑस्टिन

१

उकंडराव गिऱ्हे आपल्याच गाडीखाली चिरडून मेला, आणि तेही ऐन खांडेनवमीला, हे ऐकून वाशीमकडचं सगळं मालेगाव चुकचुकलं. त्या गाडीवर माणसाचा केवढा जीव होता हो! बायकोपेक्षा जास्त, असं बायकोच सांगायची. कुणा साहेबामागे बेवारस पडलेली ती जुनी ऑस्टिन त्यानं बैल जुंपून ओढत घरी आणली, बैल मांडवाखाली हलवले आणि गोठ्यात गाडी ठेवली. वांगी, मिरच्या, झेंडू पिकवणारा हा बागायती माळी. पण नखांत माती कमी आणि ऑईल जास्त. तीन वर्षं खपून इंजिन चालू केलं, पत्रा ठोकला, रंग दिला. चौऱ्याहत्तरच्या दसऱ्याला गाडी पहिल्यांदा रस्त्यावर काढायची, असं तो गावभर सांगत सुटला होता.

नवमीच्या दुपारी त्याची बायको दुर्गाबाई मळ्यातून फुलांची पाटी घेऊन आली. हत्यारांच्या पूजेचं ताट तिनं सकाळीच गोठ्यात गव्हाणीच्या कठड्यावर मांडून ठेवलं होतं. फुलं ठेवायला आत गेली, तर गाडीखालून नवऱ्याचे पाय बाहेर आलेले.

"उठा ना आता, पूजा कराची हाये," ती म्हणाली. पाय हलले नाहीत. तिनं पुन्हा हाक मारली, आणि मग तिला दिसलं की गाडी एका अंगानं पार जमिनीवर टेकली आहे.

फौजदार इंद्रभान खिल्लारे त्या वेळी रजेवर निघाला होता. दसरा म्हणजे त्याच्या घरी धम्मदीक्षेचा दिवस. आई आणि बायको सकाळच्याच गाडीनं नागपूरला पुढे गेल्या होत्या. त्यानं पिशवी खुर्चीवर टाकली, पुन्हा टोपी चढवली आणि जमादार लखीरामला घेऊन गिऱ्ह्यांच्या गोठ्यात आला.

गावकऱ्यांनी गाडी उचलून प्रेत काढलं होतं, बाकी काही हलवलं नव्हतं. जॅक ऑईलच्या थारोळ्यात आडवा पडला होता, तळ दाराकडे करून. त्या तळाला हळदकुंकवाची बोटं ओढलेली होती. इंद्रभाननं ते पाहिलं आणि सोडून दिलं. नवमी-दसऱ्याला ही मंडळी विळ्यापासून नांगरापर्यंत सगळ्याला कुंकू लावतात, त्यात काय नवल! त्याला खटकलं ते दुसरंच. बाभळीचे दोन जाड ओंडके भिंतीशी पडले होते.

"हे काय?"

"साहेब, उकंडराव जॅकवर भरोसा ठेवत नसे," लखीराम म्हणाला. "जॅक लावला की आसाखाली हे ओंडके सारे. त्याबिगर गाडीखाली डोस्कं घालत नसे."

"मग आज भिंतीशी कसे?"

लखीरामनं जॅककडे बोट दाखवलं. "आन् हा जॅक त्याचा नाही. एस.टी.तल्या भिवाजी फिटरचा हाये. सकाळीच सायकलवर बांधून आणलता त्यानं."

बाहेर गर्दीत कुजबूज सुरूच होती. भिवाजी आला होता. घाईघाईनं गेला. नागपूरची गाडी धरायची म्हणे. कुणीतरी मोठ्यानं बोललं, "नवमीच्या दिशी हत्याराले हात लावनारा दुसरा कोन आसन?" बोलणाऱ्याची नजर फौजदारावर गेली आणि तो गर्दीत मागे सरकला. फौजदारही भिवाजीच्याच समाजाचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

तेवढ्यात ओसरीवरून म्हातारी आवडाबाई, उकंडरावची आई, उठून आली. डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता.

"काल त्या भिवाजीचं आन् माह्या उकंडचं भांडन झालं," ती म्हणाली. "म्या माह्या कानानं आयकलं. त्यानंच मारलं माह्या लेकाले."

२

भिवाजी सरकटे नागपूरहून परतला तो स्टँडवरच धरला गेला. हातात निळी पताका, कडेवर झोपलेली पोरगी. बायको भागिरथा लखीरामच्या मागे मागे ठाण्यापर्यंत आली आणि पायरीवर बसून राहिली. कुणी कितीही सांगितलं तरी उठली नाही.

वाशीमच्या वरिष्ठांचा निरोप आला होता. आरोपीला परवा कोर्टात उभा करा, आणि खिल्लारे, जातभाई म्हणून ढिलाई झाली असं माझ्या कानावर येऊ देऊ नका. इंद्रभाननं तो निरोप ऐकला आणि त्याच्या अंगाची लाही लाही झाली. सोडला तर आपला म्हणून सोडला, आणि कोर्टात उभा केला तर एक निरपराध माणूस फासावर जाणार. भिवाजी निरपराध आहे याला त्याच्याकडे पुरावा काय? काहीच नाही. नुसतं मन सांगत होतं, आणि मनाला कोर्टात कोण विचारतं?

तो कोठडीच्या गजांपाशी स्टूल ओढून बसला.

"भिवाजी, खरं बोल. काय झालं?"

"साहेब, उकंडदादाचा जॅक तेल सोडून राह्यलता. मनून मी माहा नेला. गाडी उचलली, ओंडके सारले, पाट्याचे बोल्ट आवळून देले. दादा मने, तू जा, तुही गाडी हुकन, मी खालून पुसून घेतो. पूजेच्या आंधी लखलखीत झाली पायजे. मी निंगालो तवा ओंडके आसाखाली व्हते. आईची शप्पत!"

"आदल्या दिवशी भांडलात कशावरून?"

"भांडलो नाई जी. दादा खेकसले, पन मायावर नाई." भिवाजीनं गज धरले. "डाव्या अंगाचं चेपलेलं मडगार्ड कोनंतरी ठोकून सरळ केलतं. रंगही मारला व्हता. आपन पोरासारखी जपलेली चीज, दसऱ्याची पालिश घासताना दादाच्या नजरेतून सुटन काय? मले इचारलं, तू ठोकलं काय रे? म्या मनलं, नाई. तं पांढरेफटक पडले. मने, भिवाजी, गाडी कोनंतरी बाहीर काढलती."

इंद्रभान ताडकन उठला. ती गाडी तर आजवर गोठ्याबाहेर पडलीच नव्हती.

३

बाजारपेठेतला हिरालाल गेले कित्येक महिने त्या गाडीच्या मागे लागला होता. पोराची वरात त्याला मोटारीतून काढायची होती आणि उकंडराव काही केल्या गाडी द्यायला तयार नव्हता. इंद्रभान दुकानात शिरला तसा हिरालाल गादीवरून अर्धा उठला.

"नवमीला गेला होतास गोठ्याकडं?"

"झूट कायले बोलू? गेलतो. पन भिवाजीची सायकल दारात दिसली तं रस्त्यावरूनच वापस आलो. त्याच्यासमोर कायले तोंड वाजवाचं?" हिरालालनं कपाळ पुसलं. "साहेब, मले गाडी पायजे व्हती, मुर्दा नाई. आता कोन बसन त्या गाडीत? नवरदेवाले बसवू काय मी तिच्यात?"

उकंडरावचा धाकटा भाऊ पुंजाजी मात्र बोलण्याच्या स्थितीत नव्हता. डोकं भादरलेलं, डोळे सुजलेले, भिंतीला टेकून बसला होता. त्याचं म्हणणं सरळ होतं. तो भल्या पहाटे झेंडूचे भारे एस.टी.च्या टपावर टाकून रिसोडच्या बाजाराला गेला. दिवेलागणीला परतला तेव्हा दादा गेलेला होता. आवडाबाईनंही तेच सांगितलं. पुंजा गेला, त्यानंतर बऱ्याच उशिरानं भिवाजी आला. पुंजाजीला हुंदका आवरेना, तेव्हा म्हातारीनं त्याचं डोकं मांडीवर ओढून घेतलं आणि फौजदाराला जा म्हणून हात केला.

इंद्रभान गोठ्यात गेला. गावकऱ्यांनी उचलताना गाडीखाली दगड रचले होते ते तसेच होते. तो पाठीवर झोपून सरपटत आत शिरला. लखीराम वरून "साहेब, नका जाऊ, साहेब!" करत राहिला. ऑईलचा आणि रक्ताचा वास नाकात भरला. डाव्या चाकाच्या स्प्रिंगच्या पाट्यात, पट्ट्यांमध्ये, जिथं फडकं पोचत नाही अशा सांदीत, काहीतरी अडकलं होतं. त्यानं नखानं ओढून काढलं. हिरव्या लुगड्याच्या लाल काठाची चिंधी होती, केसांच्या गुंत्यासकट.

तो बाहेर आला आणि त्यानं ती चिंधी उजेडात धरली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मेडशीच्या रस्त्यावर भाजीवाली रंगूबाई मरून पडली होती. टोपली एकीकडे, ती एकीकडे. पंचनामा त्यानंच केला होता. हिरवं लुगडं, लाल काठ, पदर फाटून गेलेला. अज्ञात ट्रकनं उडवलं असं त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, आणि तिची दोन लेकरं ठाण्याच्या आवारात माती खेळत बसली होती.

"म्हणजे उकंडरावला हे सापडलं," तो म्हणाला. "आणि ज्यानं गाडी काढली होती त्यानं त्याचं तोंड बंद केलं."

"गाडी चालवता कोनाले येते?" लखीरामनं बोटांवर मोजलं. "उकंडरावले. पुंजाजीले. आन् भिवाजीले." त्याचा आवाज खाली आला. "पुंजाजी तं रिसोडले व्हता, साहेब. हे तं भिवाजीच्याच गळ्यात आलं."

ज्या पुराव्यानं भिवाजी सुटेल असं वाटलं होतं, त्यानंच त्याचा फास आवळला गेला.

४

कोर्टाच्या आदल्या दिवशी इंद्रभान पुन्हा गिऱ्ह्यांकडे आला. करायला काही उरलं नव्हतं म्हणून आला, असं म्हटलं तरी चालेल. दुर्गाबाई मागच्या अंगणात एकटी बसली होती. तिच्यापुढे टोपलीत विळे, खुरपी, पाने, पकडी, हातोड्या, सगळं धुऊन पुसून ठेवलेलं.

"काय करता, बाई?"

"काय करू? हे उचलून ठिवतो." तिनं एक पाना हातात घेतला. "नवमीच्या सकायी त्यायनंच धुतले व्हते. धुतले तसेच राह्यले, यंदा पूजा कोन करते? घरात मुर्दा पडला, सुतक लागलं. कशाले कुंकू लागलं नाई. कशाले मंजे कशालेच नाई. दरसाल ते आधी पान्यांले लावत, मंग इळ्यांले."

"तुम्ही लावत नाही?"

"बाईनं हत्याराले बोट नाई लावाचं आमच्या घरी. ताट मांडाचं, मांगं सराचं. घरचा मानूसच लावते."

इंद्रभाननं "हं" केलं आणि चार पावलं गेला. मग एकदम थांबला. टोपलीतल्या एकूण एक हत्याराकडे त्यानं वळून पाहिलं. कशालाही कुंकू नव्हतं. दुर्गाबाई घाबरून उभी राहिली, कारण फौजदार कपाळावर हात मारून स्वतःलाच शिव्या देत होता.

तो ठाण्यात आला तो थेट कोठडीपाशी.

"भिवाजी, तू तुझ्या जॅकला हळदकुंकू लावतोस?"

भिवाजी खुळ्यासारखा बघत राहिला. "मी? साहेब, मस्करी करता काय? छप्पन्न सालापासून आमच्या घरी हत्याराची पूजा नाई. तुमाले म्या काय सांगाव?"

"लखीराम!" इंद्रभान ओरडला. "रिसोडला जा. झेंडूच्या अडत्याला विचार, नवमीला पुंजाजीची फुलं बाजारात कधी उतरली!"

५

दुसऱ्या दिवशी वाशीमला निघायच्या आधी त्यानं सगळ्यांना गोठ्यात बोलावलं. दुर्गाबाई, हिरालाल, पुंजाजी, आवडाबाई. मध्ये पोत्यावर जॅक ठेवला होता, पडलेला होता तसाच आडवा. भिवाजी बेड्यांत दाराशी उभा होता.

"हा जॅक भिवाजीचा," इंद्रभान म्हणाला. "त्या दिवशी सकाळी तो या गोठ्यात आला. त्याच्या घरी हत्याराला कुंकू लागत नाही. या घरात लागतं, पण यंदा पूजा झालीच नाही. बाईंचे विळे कोरे, पाने कोरे, हातोड्या कोऱ्या. कुंकू आहे ते फक्त या एका जॅकला. आणि कुठं? तळाला. गाडी उचललेली असताना हा तळ जमिनीवर टेकलेला असतो. तिथं कुणाचं बोट पोचणार? आणि आधी लावलं असतं तर गाडीच्या वजनाखाली मातीत घासून गेलं असतं. हे पाहा, बोटं जशीच्या तशी आहेत. म्हणजे कुंकू लागलं ते जॅक पडल्यावर. उकंडराव गाडीखाली चिरडल्यावर."

इंद्रभाननं जॅकवरून नजर उचलली.

"मी पहिल्याच दिवशी हे पाहिलं होतं. मला वाटलं, लोक लावतात तसं लावलं असेल. आमच्या घरातून या गोष्टी गेल्या, म्हणून माझी नजर घसरली, ती चूक माझी. पण ज्यानं लावलं त्याच्या घरातून त्या गेल्या नव्हत्या. ताट समोर मांडलेलं होतं. दिवस नवमीचा, आणि त्यानं नुकतंच एका वस्तूचं हत्यार केलं होतं. माणूस मारताना तो भ्याला नाही, पण पूजेविना हत्यार टाकून जायला भ्याला. आता सांगा, कोण? हिरालाल या घरचा नाही, त्याची पूजा दिवाळीला तराजूची. बाई हत्याराला बोट लावत नाहीत. या घरात कुंकू लावणारे पुरुष दोन. एक गाडीखाली पडला होता."

पुंजाजीनं मान वर केली नाही. "मी... मी रिसोडले व्हतो."

"तुझी फुलं बाजार उठायच्या वेळेला उतरली, अडत्यानं लखीरामला सांगितलं. पहाटे निघालेला माणूस वाटेत काय करत होता? आणि समजा, तू आलास तेव्हा दादा आधीच मेलेला होता. मग तू ओरडला का नाहीस रे? सख्खा भाऊ मेलेला पाहून माणूस बोंब ठोकतो. कुंकू लावत नाही."

इंद्रभाननं खिशातून हिरवी चिंधी काढून त्याच्यापुढे धरली.

पुंजाजीनं चिंधीकडे पाहिलं. मग तो बोलायला लागला तो थांबेचना. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दादा अकोल्याला सामान आणायला गेला, तेव्हा त्यानं गाडी काढली होती. नुसता मेडशीपर्यंत फेरफटका. वळणावर बाई आडवी आली. परत येऊन त्यानं पत्रा ठोकला, रंग मारला, गाडी धुतली.

"अष्टमीच्या रात्री दादानं गाडीखाली अटकलेलं ते लुगडं दावलं. मने, दसरा झाला का गाडी घिऊन ठान्यात जाऊ, तू आन् मी. म्या पाय धरले. मने, पुंजा, तिची लेकरं हायेत. फुलं टाकाले स्टँडवर गेलो आन् गाडी सोडून वापस आलो. भिवाजी गेल्यावर गोठ्यात आलो. अजून एकडाव मनलं, दादा, सोड ना. गाडीखालून मने, नाई. म्या ओंडके वढले, जॅकले लाथ मारली." तो लहान पोरासारखा रडत होता. "थो जॅक मायाकडंच तोंड करून पडला, साहेब. नवमी व्हती. मले लय भेव वाटलं."

दुर्गाबाई भिंतीचा आधार घेत बाहेर निघून गेली. लखीरामनं भिवाजीच्या बेड्या काढल्या आणि त्याच पुंजाजीच्या हातांत घातल्या.

६

गर्दी पांगली तरी आवडाबाई तिथंच उभी होती. इंद्रभान तिच्यापाशी गेला.

"माय, पुंजाजी पहाटेच गेला असं तुम्ही सांगितलं होतं."

"सांगतलं व्हतं."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

म्हातारीनं त्याच्याकडे सरळ पाहिलं. "त्याचं तेलानं भरलेलं धोतर म्याच धुतलं."

"आणि भिवाजीला फाशी झाली असती तर?"

"झाली आसती," ती म्हणाली. आवाज चढला नाही, पडला नाही. "माहा एक तं राह्यला आसता."

इंद्रभानला तिचा राग यायला हवा होता. आला नाही, आणि त्याचंच त्याला जास्त वाईट वाटलं. तो बाहेर आला.

आवारात भिवाजी मनगटं चोळत उभा होता. भागिरथा त्याला चिकटून रडत होती, पोरगी दोघांच्या पायांत घोटाळत होती. फौजदाराला पाहून भिवाजीनं हात जोडले, आणि मग घराच्या दाराकडे पाहत राहिला.

"साहेब, आवडामाय कशी हाये? दोन्ही लेकरं गेले ना जी तिचे." त्याचे डोळे भरून आले. "या गावात मले घरात घिऊन ताटात जेवू घातलं तं तिनंच. तिले कोनं कायबाय सांगतलं आसन, मनून बोलली थे मायावर. मी भेटून येतो, आं?"

"नको," इंद्रभान म्हणाला.

"काहून?"

इंद्रभाननं भागिरथाकडं पाहिलं, मग पोरीकडं.

"झोपली आहे ती," तो म्हणाला. "घरी जा, भिवाजी."